सुटण्यासाठी लावायचा रंग

मंडळी, समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर. तरी शिडाच्या होडीच्या बुडाला कोणता रंग लावावा, हे ऐकायला तुम्ही आलात. पण रंग कच्चा की पक्का, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. चादरीचा रंग पहिल्या धुण्यात सुटला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात हजर! आजचा रंग मात्र उलटा आहे. तो सुटला नाही तर पैसे बुडाले.

खाऱ्या पाण्यात होडी उभी राहिली की बुडाला आधी बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, मग बार्नेकल, म्हणजे कठीण कवचाचा, चिकटून बसणारा छोटा समुद्री जीव. हा बार्नेकल स्वतःचं सिमेंट स्वतः बनवतो. खरवडताना उलथनं वाकतं. अशा खरखरीत बुडाची होडी वारा असूनही रेंगाळते. म्हणून रंगात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग घालतात. ते हळूहळू पाण्यात उतरतं आणि बुडालगतच्या पाण्यात बार्नेकलच्या अळ्यांना बस्तान बसवू देत नाही. त्यामुळे रंग निवडताना तो किती टिकेल एवढंच विचारून भागत नाही, तो किती वेगाने झिजेल हेही विचारावं लागतं.

आता पाण्याच्या रंगाकडे, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात कालवलेल्या रंगाकडे येऊ. पाण्याचा म्हणजे पाण्यात विरघळणारा, अशी समजूत असते. घराच्या भिंतीला लावलेलं प्लॅस्टिक इमल्शन आठवा. पाणी उडून गेलं की रेझिनचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. मग ओलं फडकं फिरवलं तरी तो निघत नाही. इथेही तेच. दुसरी समजूत अधिक घातक: पाण्याचा, म्हणजे निरुपद्रवी. थिनरची जागा पाण्याने घेतली, तांबं होतं तिथेच आहे. ब्रश साबणाच्या पाण्याने धुता येतो हे खरं, पण ते धुणं गटारात किंवा खाडीत ओतायचं नाही. जुना थर घासायचा तर तो ओला करून आणि मास्क लावूनच. ती धूळ छातीत जायला नको.

मग फायदा काय? डोकं धरत नाही, वास कमी, पेट घेण्याची भीती कमी. आणखी एक, सेकंडहँड होडी घेणाऱ्यांसाठी: खाली कोणता रंग आहे माहीत नसेल तर थिनरचा रंग कधीकधी जुना थर मऊ करून सुरकुत्या पाडतो. पाण्याच्या रंगात तो धोका कमी. अर्थात खालचा थर आधीच सुटत असेल तर वर काहीही लावा, दोन्ही मिळून निघतील.

तोटा हवामानाचा, आणि तो मी स्वतः भोगलाय. एकदा छोटी फायबरची होडी ट्रेलरवर घालून दुरुस्तीसाठी इथे आणली. मे महिना, भर दुपार. इथल्या उन्हात कसं फटाफट वाळेल, असं वाटलं. वाळलंच! रोलर फिरवतोय तोवर वरची साय धरली, खालचे कण नीट जुळलेच नाहीत. कोकणात नेऊन पाण्यात सोडली आणि आठवड्याभरात पापडासारखे तुकडे निघाले. डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली होती, मी वाचली नव्हती. कोकणात उलटं, हवा इतकी दमट की पाणी उडायलाच तयार नसतं. म्हणून सकाळी दव ओसरल्यावर, बूड सावलीत असताना लावा. आणि डबा तळापर्यंत ढवळा. तांबं जड, ते खाली बसतं; न ढवळता लावलंत तर महागडं तांबं डब्यातच राहतं.

झिजणारा रंग की कडक, म्हणजे तांबं सोडूनही थर तसाच राहणारा? वेगवान होडी, वरचेवर घासली जाणारी, तिला कडक. पण कडक रंगाची होडी फार दिवस कोरडी राहिली की त्याचा प्रभाव उतरतो, शिवाय दरवर्षी थरावर थर चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, तेव्हा माझा कौल झिजणाऱ्याला. पहिला हात लाल, वरचे दोन निळे द्या. लाल डोकावू लागला की पुन्हा रंगवायची वेळ झाली. सुकाणू, कीलची, म्हणजे बुडाखालच्या कण्याची, पुढची कड आणि पाण्याची रेघ इथे एक हात जास्त, तिथे झीज लवकर होते.

अ‍ॅल्युमिनियमची होडी असेल तर तांब्याचा रंग नकोच. 1761 मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे पाहतात तर लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात तांब्यापायी गंजून गेलेले. अ‍ॅल्युमिनियमचं तेच होतं.

तांब्याहूनही जालीम औषध होतं, ट्रायब्युटिल टिन, म्हणजे रंगात घालायचं कथलाचं संयुग. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात त्याने कालवांची शिंपलं वेडीवाकडी केली. फ्रान्सने 1982 मध्ये लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि 2008 पासून लागू आहे.

मघाशी कोणीतरी विचारलं, उजनीत ठेवायच्या होडीला कोणता? कोणताच नको. गोड्या पाण्यात बार्नेकल येत नाही, येतं ते शेवाळ. त्यासाठी तांबं कशाला ओतायचं? तिथे मासेमारी चालते, आणि तेच पाणी आपल्या नळाला येतं. येतं त्या दिवशी. महिन्यातून एकदा होडी काठावर ओढा आणि जुन्या टॉवेलने बूड पुसा. टॉवेल सोलापुरात कमी नाहीत.