चांदीचं गाव, शिशाची माती

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगा सिडनीत, मुलगी मेलबर्नला, असं आता आपल्याकडे कितीतरी घरांत असतं. आईवडील दोन-तीन महिने तिकडे राहून येतात. ऑपेरा हाऊस होतं, ब्लू माउंटन्स होतात, समुद्रकाठचे रस्ते होतात. हे सगळं पाहावंच. पण तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर माझा एक आग्रह आहे. त्यातले दोन-तीन दिवस बाजूला काढा आणि ब्रोकन हिलला जाऊन या. ऑस्ट्रेलियाची श्रीमंती जमिनीतून वर कशी आली आणि त्यासाठी कोणी काय मोजलं, हे या एका गावात जितकं उघड दिसतं, तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

ब्रोकन हिल न्यू साऊथ वेल्स राज्यात आहे, पण अगदी पश्चिमेच्या टोकाला. सिडनीपासून सुमारे साडेअकराशे किलोमीटर. त्यापेक्षा शेजारच्या राज्यातलं ॲडलेड जवळ, साधारण पाचशे किलोमीटर. म्हणून या गावाचं घड्याळही ॲडलेडच्या वेळेवर चालतं, सिडनीच्या अर्धा तास मागे. सभोवार लाल माती, गुडघ्याएवढी करडी झुडपं आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. मूळचा हा विल्याकाली या आदिवासी समाजाचा मुलूख.

1883 साली माउंट गिप्स नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर चार्ल्स रॅस्प नावाचा जर्मन वंशाचा माणूस कामाला होता. कुंपणं तपासत घोड्यावरून फिरायचं, हे त्याचं काम. एका ओबडधोबड काळ्या टेकडीचे दगड त्याला वेगळे वाटले. कथिल असेल, असा त्याचा अंदाज. कुरणावरच्याच सात जणांनी पैसे घालून भागीदारी केली. पहिल्या तपासण्यांत शिसं निघालं, चांदी जेमतेम. काहींचा धीर सुटला, त्यांनी हिस्से विकले. एका हिश्शाच्या भागाचा सौदा तर पत्त्यांच्या डावावर झाला, असं तिथे सांगतात. मग भरघोस चांदी लागली आणि 1885 मध्ये कंपनी उभी राहिली: ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांत जिचं नाव घेतात, ती बीएचपी म्हणजे हीच. त्या नावातली बी आणि एच ही अक्षरं या गावाची आहेत. कंपनीनं मात्र 1939 मध्येच इथलं काम थांबवलं आणि ती निघून गेली.

ज्या टेकडीवरून गावाला नाव मिळालं, ती टेकडी आता नाही. खणून संपली. तिच्या जागी गावाच्या मधोमध खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा काळपट डोंगर उभा आहे. जमिनीखाली शिसं, जस्त आणि चांदीची सात किलोमीटरहून लांब, बूमरँगसारखी वाकलेली शीर पसरली आहे. तिचं वय सुमारे 170 कोटी वर्षं. जगातल्या सर्वांत समृद्ध साठ्यांत ती मोजली जाते. या शिरेच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली. रस्त्यांना नावंसुद्धा खाणीतलीच मिळाली: अर्जेंट म्हणजे चांदीचा रस्ता, शिवाय ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, कोबाल्ट. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली ही नावं इथे घराच्या पत्त्यात लिहितात.

आता त्या डोंगरावर चला. गावात कुठूनही तो दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर 2001 मध्ये बांधलेलं खाणकामगारांचं स्मारक आहे. गंजलेल्या रंगाच्या पोलादाच्या उंच, तिरप्या भिंती, आणि त्यांच्यामधून चालत जायची अरुंद वाट. आत काचेच्या पाट्यांवर इथल्या खाणींत जीव गमावलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावं वर्षवार कोरली आहेत. नावाशेजारी मृत्यूचं कारणही आहे. दरड कोसळली. विहिरीसारख्या खोल उभ्या बोगद्यात पडला. स्फोटात गेला. शिशाची विषबाधा झाली. मी तिथे बराच वेळ उभी राहून एकेक ओळ वाचत गेले. सुरुवातीच्या दशकांच्या पाट्या नावांनी गच्च भरलेल्या आहेत, पुढे हळूहळू मोकळ्या होत जातात. त्या मोकळ्या होत गेलेल्या काचेमागे माणसांचा मोठा लढा आहे.

या गावानं मोठे संप पाहिले. 1892 चा, 1909 चा, आणि सर्वांत दीर्घ 1919 मध्ये सुरू झालेला, जवळजवळ दीड वर्ष चाललेला. घराघरांत उपासमार झाली, पण लोक मागे हटले नाहीत. शेवटी जमिनीखाली काम करणाऱ्यांना आठवड्याला 35 तासांचं काम मिळालं आणि फुप्फुसं निकामी झालेल्यांच्या भरपाईचा प्रश्न मार्गी लागला. हे 1920 साल आहे, हे लक्षात घ्या. गिरणगावातल्या संपांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना या गावातलं ट्रेड्स हॉल पाहताना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेली ती देखणी इमारत आजही संघटनांचीच आहे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियानं राष्ट्रीय वारशाच्या यादीत पहिल्यांदा एक अख्खं शहर घेतलं, ते ब्रोकन हिल. आणि तो मान नुसत्या इमारतींना मिळाला नाही, या कामगार इतिहासालाही मिळाला.

खाणीच्या विज्ञानातही या गावाचा मोठा वाटा आहे. सुरुवातीला शिसं आणि चांदी काढून घेत आणि जस्त असलेला भुगा फेकून देत, कारण ते वेगळं करायची रीत सापडत नव्हती. असे भुग्याचे डोंगर साचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक युक्ती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली. भुगा पाण्यात कालवायचा, त्यात ठरावीक द्रव्यं घालायची आणि बुडबुडे आणायचे. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती खाली बसते. ताक घुसळल्यावर लोणी तरंगतं, तसंच काहीसं. वरचा फेस काढून घेतला की जस्त हाती. आज जगभरात तांबं, शिसं, जस्त याच रीतीनं वेगळं करतात.

आता थोडं गावाच्या कडेला जाऊ. उत्तरेच्या वस्तीत एक मशीद आहे. घुमट नाही, मिनार नाही. पन्हाळी पत्र्याची, तांबड्या रंगाची, एखाद्या शेडएवढी छोटी इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी बांधलेली. रेल्वे आणि ट्रक येण्याआधी या वैराण मुलखात लोकर, धान्य आणि खाणीची यंत्रं पोचवली ती उंटांनी. आणि ते उंट हाकणारी माणसं होती आपल्या उपखंडातली: सिंध, पंजाब, बलुचिस्तान, अफगाणिस्तान. गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना ‘अफगाण’ म्हटलं. गावाबाहेर त्यांचा तळ असे. आज त्या मशिदीचं संग्रहालय आहे. उंटाच्या नाकात घालायच्या लाकडी खुंट्या तिथे मांडल्या आहेत. बोटाएवढ्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. वेसण याच खुंटीला बांधत. त्या खुंट्यांकडे पाहताना, घरापासून हजारो कोस दूर उन्हात चालणारी ती माणसं मला फार जवळची वाटली.

याच मशिदीत एक जाड जुना ग्रंथ होता. वर्षानुवर्षं सगळे त्याला कुराण समजत. पुढे इतिहासकार सामिया खातून यांनी तो नीट उघडून पाहिला, तर तो बंगालीत छापलेला काव्यग्रंथ निघाला. कोलकात्यात छापलेलं पुस्तक ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पोचलं होतं, म्हणजे तिथे ते वाचणारं, वाचून दाखवणारं कोणीतरी होतं. इतकी वर्षं त्या माणसांची भाषा कोणी विचारली नव्हती, हे मला फार लागलं.

उंटवाल्यांच्या या तळाशी एक दुःखद घटना जोडलेली आहे आणि ती टाळून पुढे जाणं योग्य नाही. 1 जानेवारी 1915 रोजी गावातली कुटुंबं उघड्या डब्यांच्या गाडीतून सहलीला सिल्व्हर्टनकडे निघाली होती. पहिलं महायुद्ध सुरू होतं, तुर्कस्तान आणि जर्मनी ऑस्ट्रेलियाच्या शत्रुपक्षात होते. दोन माणसांनी तुर्कस्तानचं निशाण लावून त्या आगगाडीवर गोळ्या झाडल्या. एक आइस्क्रीमची गाडी चालवायचा. दुसरा तळावरचा मुल्ला आणि खाटीक, ठरलेल्या जागेबाहेर जनावर कापल्याबद्दल त्याला दंड झाला होता. चार नागरिक मारले गेले, हल्लेखोरही मारले गेले. त्या रात्री जमावानं गावातला जर्मन क्लब जाळला आणि उंटवाल्यांच्या तळाकडे मोर्चा वळवला. पोलिसांनी तो अडवला. निरपराध माणसं दोन्ही बाजूंना होती.

श्रोतेहो, आपण रेडिओच्या माध्यमातून बोलतो आहोत, म्हणून आणखी एक जागा जरा सविस्तर सांगते. विमानतळाजवळ रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा तळ आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीतून 1928 मध्ये क्वीन्सलँडमधून ही विमानसेवा सुरू झाली. दूरच्या कुरणांवर राहणाऱ्यांना डॉक्टर गाठायचा तर निरोप पोचला पाहिजे, आणि तिथे वीजच नव्हती. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरनं पायानं पॅडल मारून चालणारा वायरलेस संच बनवला. शिवणयंत्रावर बसल्यासारखं बसायचं, पाय चालवायचे आणि बोलायचं. पुढे प्रत्येक कुरणावर औषधांची एकसारखी पेटी दिली गेली, आतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर रेडिओवरून विचारपूस करत आणि सांगत, अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या. औषधाचं अवघड नाव वाचायची गरज नाही, चूक होण्याची शक्यता कमी. तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन रात्री त्या संचासमोर बसलेल्या आईला पलीकडून आवाज ऐकू येत असेल, तेव्हा काय वाटत असेल! 1956 पासून याच रेडिओवर इथे मुलांची शाळाही भरू लागली. शेकडो किलोमीटरवर विखुरलेली मुलं एकाच वर्गात हजेरी देत. आता ते काम इंटरनेटवर चालतं.

गावात रमायला बाकीही पुष्कळ आहे. अर्जेंट स्ट्रीटवर रुंद सज्जांच्या जुन्या इमारती आहेत. त्यातलं पॅलेस हॉटेल 1889 मध्ये दारूबंदीवाल्यांनी कॉफीगृह म्हणून बांधलं होतं. ते चाललं नाही, तिथे दारूचं दुकान आलं, आणि आज लोक भिंतीभर रंगवलेली चित्रं पाहायला जातात. खाणीत राबून चित्रकार झालेल्या प्रो हार्टचं कलादालन चुकवू नका. त्यानं खाणीतली माणसं, मुंग्या, सहली, सगळं जाड रंगांत उतरवलं. पॅटन स्ट्रीटवर जुनं बेल्स मिल्क बार आहे, तिथलं मिल्कशेक प्यावं. 25 किलोमीटरवर सिल्व्हर्टन, चांदी संपल्यावर जवळजवळ ओस पडलेलं गाव. त्या वाटेवर डेड्रीम नावाची 1880 च्या दशकातली खाण आहे, जिच्यात उतरता येतं. वाकून, डोक्यावर दिवा लावून. गुडघे दुखत असतील तर मात्र उतरू नका, वाट खरंच अवघड आहे. संध्याकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर जा. 1993 मध्ये वेगवेगळ्या देशांच्या शिल्पकारांनी तिथे वालुकाश्मात 12 शिल्पं घडवली आहेत. मावळतीच्या उन्हात तो दगड पेटल्यासारखा लाल होतो.

आणि गावाभोवतीची हिरवी कड पाहा. सुरुवातीच्या काळात सरपणासाठी सगळी झाडं तुटली, बकऱ्या आणि सशांनी उरलेलं खाल्लं, आणि लाल धुळीची वादळं घरांवर आदळू लागली. आल्बर्ट मॉरिस हे खाणीत धातूंची तपासणी करणारे गृहस्थ. वनस्पतींचं वेड. ते सांगत राहिले की जमिनीला कुंपण घाला, जनावरं आत येऊ देऊ नका, तिथलीच झाडं तिथे उगवतील. 1936 मध्ये एका खाण कंपनीनं त्यांचं ऐकलं. काही रोपं लावली, बाकीचं काम जमिनीतल्या बियांनी केलं. थोड्याच वर्षांत गावाभोवती हिरवा पट्टा उभा राहिला. मॉरिस 1939 मध्ये वारले. आपल्याकडे चराईबंदी केलेल्या डोंगरावर गवत कसं परत येतं, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण नव्वद वर्षांपूर्वी ते करून दाखवणं मोठी गोष्ट होती.

जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. एप्रिल ते सप्टेंबर हा चांगला काळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. सिडनीहून आठवड्यातून एकदा आगगाडी जाते, पण रस्त्यानं ॲडलेडहून येणं सोपं. रस्त्यात पाणी आणि पेट्रोल भरपूर ठेवा, आणि संध्याकाळी गाडी चालवणं टाळा, कांगारू अचानक आडवे येतात. लहान नातवंडं बरोबर असतील तर मातीत खेळून आल्यावर त्यांचे हात स्वच्छ धुवा. इथल्या मातीत आणि धुळीत आजही शिसं आहे. 1991 पासून गावातल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं नियमित तपासलं जातं. खाणी अजून चालू आहेत, आणि स्मारकाच्या काचेवर पुढच्या नावांसाठी मोकळी जागा ठेवलेली आहे. ती तशीच मोकळी राहावी, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.