वाटीतून वाटीत

[दृश्य : स्वयंपाकघराची फरशी. खिडकीबाहेर पाऊस. स्टीलच्या दोन वाट्या, एकीत तांदूळ. लहान मुलीचे हात.]

हा आवाज तांदळाचा आहे. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पडणाऱ्या तांदळाचा. गेली वीस मिनिटं या घरात एवढाच आवाज आहे. तांदूळ ओतले जातात, मुलगी रिकाम्या वाटीत डोकावून बघते, मग भरलेली वाटी उचलते आणि पुन्हा ओतते. ही माझी भाची. अडीच वर्षांची. जेवायला बसवलं तर पाच मिनिटं एका जागी टिकत नाही.

तिच्या मनगटाकडे बघा. पहिल्या खेपेला तिने वाटी थेट पालथी घातली होती. निम्मे तांदूळ फरशीवर. दुसऱ्या खेपेलाही तेच. चौथ्या-पाचव्या खेपेपासून हात जरा अडखळायला लागला. आता ती वाटी कलती करते आणि थांबते. धार बारीक होते. थोडी आणखी कलती करते. मोठ्यांना हे दिसतही नाही, कारण आपण डोळे मिटूनही चहा गाळू शकतो. तिला हे आज सकाळी जमलं.

[दृश्य : फरशीवर सांडलेले तांदूळ. अंगठा आणि तर्जनी.]

सांडलेले तांदूळ तीच वेचते आहे. एकेक दाणा, चिमटीत धरून. ही चिमूट बाळाला साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात यायला लागते. त्याआधी बाळ सगळं मुठीने ओढतं. पुढे याच चिमटीने ती बटण लावेल, सुईत दोरा ओवेल, रांगोळीची रेघ सोडेल, पेन्सिल धरेल. पेन्सिलची घाई मोठ्यांना असते. तिला सध्या तांदूळ पुरेसे आहेत.

[दृश्य : दोन खोल्यांचं घर. दोरीवर वाळत घातलेले कपडे. आजी मोरीजवळ भाजी धुते आहे.]

हे माझ्या ताईचं घर. दोन खोल्या, ताई, तिचे सासूसासरे, नोकरीला गेलेले भाऊजी, ही धाकटी आणि तिचा साडेचार वर्षांचा दादा. बाहेर चार दिवस पाऊस उघडलेला नाही. मी कॅमेरा घेऊन आठवडाभर इथे राहायला आले ती एकच गोष्ट बघायला. विकतचं काहीही न आणता, घरात असलेल्या वस्तूंवर या दोन मुलांचा दिवस कसा जातो?

ताई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, मला कुठे वेळ आहे मुलांना घेऊन बसायला?" तिचं खरं आहे. मुलांसाठी म्हणून वेगळा तास काढायचा ठरवला तर दोन नोकऱ्यांच्या घरात तो निघत नाही, आणि आईच्या जिवाला उगाच टोचणी लागते. म्हणून आम्ही वेगळा तास काढलाच नाही. पोळ्या होत होत्या तेव्हा कणकेचा गोळा दिला. भाजी निवडताना पालकाची जुडी पुढ्यात ठेवली. कपडे वाळले तेव्हा मोज्यांच्या जोड्या लावायला दिल्या. मोज्यांचा रंग बघायचा, आकार बघायचा, बाबांचा कुठला आणि दादाचा कुठला ते ठरवायचं. बालवाडीत याला वर्गीकरण म्हणतात. घरी याला मदत म्हणतात, आणि मुलांना मदत हा शब्द फार आवडतो.

[दृश्य : डहाणूचा समुद्रकिनारा, मग चिकूच्या वाड्या, मग टेकडीकडे जाणारा रस्ता.]

घरातल्याच सामानातून मुलाला शिकू द्यायचं, हा विचार माझा नाही. तो मला या रस्त्याने भेटला.

1920 साली गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी दक्षिणामूर्ती या संस्थेचं बालमंदिर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. मराठी घरातल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये कामगारवस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं होतं. मूल हाताने शिकतं, त्याला त्याच्या मापाची खरी कामं द्या, ही माँटेसरींची पद्धत गिजुभाई आणि ताराबाईंनी आपल्या मातीत आणली. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण माँटेसरी साधनं महाग होती. पॉलिश केलेले लाकडी ठोकळे, मोजूनमापून केलेले दट्टे. खेड्यातल्या बालवाडीला ते परवडणार कसे?

1945 साली ताराबाई बोर्डीला आल्या. डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, आता पालघर जिल्ह्यात. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि मग स्वतःच्या हिमतीवर शिक्षण, अशा वाटेने आलेल्या. या दोघींनी साधनं दुकानात शोधली नाहीत. किनाऱ्यावर शिंपले होते. झाडाखाली बिया होत्या. ओढ्यात गोटे, रानात पानं, फुलं, काटक्या. मोजायला, लहान-मोठं लावायला, रांगा मांडायला आणखी काय लागतं?

पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तिचं नाव अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली. ती कुरणशाळा. 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपण तो उच्चारतो तेव्हा खिचडी आणि वजनकाटा आठवतो. मला त्यातलं अंगण आठवतं. मूल जिथे आहे तिथलंच सामान घ्यायचं, हे त्या शब्दात आहे.

[दृश्य : पुन्हा घर. गॅसवर छोटं पातेलं. आजी खळ ढवळते आहे.]

ताईच्या सासूबाई खळ करताहेत. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आच, गुठळी होऊ द्यायची नाही. त्यांच्या लहानपणी पतंगाला हीच खळ आणि वह्यांच्या कव्हरांनाही हीच. पातेलं निवलं की बोटाने चिकटवायची. पोटात गेली तरी काळजी नाही.

[दृश्य : वर्तमानपत्र. दोन लहान हात.]

आता फाडायचं. हो, फाडायचं. कात्रीच्या आधी कागद फाडणं येतं. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरायचा, एक हात पुढे, एक मागे. दोन हातांनी एकाच वेळी उलट कामं करायची, हे अडीच वर्षांच्या मुलीला डोंगराएवढं आहे. वर्तमानपत्राची एक गंमत आहे. उभं फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. दादाने हे स्वतः शोधलं. मग तो आजोबांना एकेक पट्टी नेऊन दाखवत होता आणि आजोबा प्रत्येक वेळी चष्मा लावून बघत होते.

चिकटकामात काय झालं? धाकटीने सगळे तुकडे एकाच ठिकाणी, एकावर एक लावले. ढीग झाला. आजी म्हणाली, "अगं बाळा, जरा पसरून लाव की." ती हलली नाही. तिला चित्र करायचंच नव्हतं. तिला खळीत बोट बुडवायचं होतं, कागद दाबायचा होता आणि तो चिकटला की नाही ते बघायचं होतं. आजीने हात मागे घेतला. मला त्या क्षणी आजींचा फार अभिमान वाटला.

कारण हात मागे घेणं अवघड असतं. ताईच्या मुलाने मागच्या वर्षी नर्सरीतून एक हत्ती घरी आणला होता. करड्या कागदाचा, कापसाचे सुळे, कान अगदी जागच्या जागी. सगळ्यांनी कौतुक केलं. मी त्याला विचारलं, "तू कान कसे लावलेस रे?" तो म्हणाला, "टीचरने लावले. मी नाव सांगितलं." त्या हत्तीला त्याचं बोटही लागलेलं नव्हतं. पालकांना दाखवायला काहीतरी सुबक हवं असतं, म्हणून असं होतं. त्यात पालक म्हणून आपलाही वाटा आहे. भिंतीवर लावण्याजोगं काही झालं नाही तर दिवस वाया गेला, असं आपल्याला वाटतं. वाकड्या कानाचा हत्ती मला हवा होता. कानच नसलेलाही चालला असता.

[दृश्य : ताटलीत हळदीचं पाणी, बिटाचा रस. भेंडी आडवी कापली जाते.]

ठसेकाम. भेंडीचं देठाकडचं टोक कापलं की आतला आकार दिसतो. पाच पाकळ्यांचं फूल. पालकाची जुडी बुडाशी कापली, तर उरलेल्या देठांचा ठसा गुलाबासारखा उमटतो. निवडलेल्या भाजीचं हे टाकायचंच असतं. रंग हळदीचा आणि बिटाचा. हळद कपड्यावरून जात नाही, तेव्हा जुने बनियन घाला.

दादासाठी पुढचा भाग. हळदीने रंगवलेला कागद वाळवला. एका वाटीत पाण्यात खायचा सोडा, दुसऱ्या वाटीत लिंबाचा रस. कानात घालायची कापसाची काडी सोड्याच्या पाण्यात बुडवून कागदावर ओढली.

[दृश्य : पिवळ्या कागदावर लाल रेघ उमटते.]

त्याचा चेहरा बघा. त्याने काडी उलटसुलट करून पाहिली. काडी पांढरी, पाणी पांढरं, रेघ लाल. मग लिंबाचं बोट त्या रेघेवर. लाल पुन्हा पिवळी. आजी तिकडून म्हणाल्या, "हळदीचंच कुंकू होतं रे, चुना घालून." खरंच तसं होतं. हळदीला चुना भेटला की ती लाल होते, कुंकू करायची जुनी रीत तीच. त्याने देवघरातला करंडा आणून कुंकू आणि कागद शेजारी ठेवले. सोडा आणि चुना यांचं नातं त्याला कळायला अजून आठ-दहा वर्षं आहेत. शेजारी ठेवून बघायचं, हे मात्र त्याला आजच सुचलं.

[दृश्य : डब्यात चिंचोके, बटणं, सागरगोटे, नाडी, मोठे लाकडी मणी.]

इथे थोडं थांबते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा डबा दादाचा आहे आणि तो वरच्या फळीवर असतो. तीन वर्षांखालचं मूल वस्तू तोंडात घालून बघतं. चिंचोका, वाटाणा, शेंगदाणा, मणी, बटण घशात अडकू शकतं, नाकात जाऊ शकतं. टॉयलेट पेपर संपल्यावर पुठ्ठ्याची नळी उरते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती लहान मूल एकटं असताना त्याच्या हाती द्यायची नाही. रिमोटमधली आणि खेळण्यातली गोल चपटी बॅटरी तर घरात उघडी नकोच, ती गिळली तर तासाभरातही आतून इजा करते, लगेच दवाखाना गाठावा लागतो. मघाशी तांदूळ ओतताना तुम्हाला फक्त मुलीचे हात दिसले. फ्रेमच्या बाहेर, एका हाताच्या अंतरावर, ताई बसलेली होती. पाण्याच्या खेळालाही तसंच. बादलीत तळाशी पाणी असलं तरी उठून जायचं नाही.

[दृश्य : पोळपाटाशेजारी कणकेचा गोळा.]

गोळ्याबद्दल थोडक्यात. पोळीची कणीक त्याच दिवशी आंबते. टिकाऊ गोळा हवा असेल तर एक वाटी कणकेला अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. खारट लागतो म्हणून मुलं एकदा चाटून सोडून देतात. तरी खाऊ द्यायचा नाही, मीठ फार आहे. दादाने याचा पोळ्याचा बैल केला. चार पाय टिकेनात, म्हणून त्याने बैलाला बसवलं.

[दृश्य : संध्याकाळ. पाऊस ओसरलेला. मोठं स्टीलचं ताट, त्यात रवा पसरलेला.]

आपल्याकडे मुलं लिहायला शिकायची ती धुळीत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने अक्षर काढायचं. ती धूळपाटी, आणि ती धुळाक्षरं. चुकलं तर पाटी हलवली की संपलं. खोडरबराची खूण राहत नाही, लाल शाईची फुली राहत नाही. फरशीच्या घरात धूळ कुठली? म्हणून रवा.

दादा ताटात "क" काढतो आहे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धाकटी त्याच्या खांद्यावरून बघते. आता तिची पाळी.

दीड वर्षांची होती तेव्हापासून ती रेघोट्या मारते. भिंतीवर, कपाटावर, आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर. पुढे-मागे, पुढे-मागे. त्यातून मग गोल गोल गिरगोट्या आल्या, गुंता झालेल्या दोऱ्यासारख्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास कधीतरी मुलाची रेघ फिरून जिथून निघाली तिथे परत येते, आणि थांबते. मग गोल होतो. त्यानंतर त्याला डोळे येतात, आणि डोक्यालाच हातपाय फुटतात. ज्या घरात मूल आहे त्या घरात हा माणूस कधी ना कधी भिंतीवर उभा राहतो.

[दृश्य : ताटाचा जवळून कोन. एक बोट रव्यात टेकतं.]

बोट निघालं. वर गेलं. वळलं. खाली येताना जरा हललं. ती जीभ बाहेर काढून बघते आहे. बोट सुरुवातीच्या जागेशी आलं... आणि थांबलं.

ताई ओट्याजवळून धावत आली, मोबाइल शोधत. तो सापडेपर्यंत धाकटीने दोन्ही हातांनी ताट धरून हलवलं होतं. रवा सपाट.

[निवेदन थांबतं. रव्यावरून पुन्हा बोट फिरल्याचा आवाज.]