काडतुसाची लांबी नेमकी कुठे बदलते?

आज समोर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तपासणी विभागात काम करणारी मंडळी बरीच आहेत, म्हणून मोजमापाचा हा प्रश्न मी मुद्दामच वेगळ्या क्षेत्रातून निवडला आहे. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि गोळी भरून घरीच पिस्तुलाची काडतुसे तयार करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार हे काम परवान्याशिवाय करता येत नाही, आणि शेजारच्या खडकीत १८६९ पासून त्यासाठी स्वतंत्र कारखाना आहे. तेव्हा उदाहरण तिकडचे समजावे.

९ मिलिमीटर काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिलिमीटर असावी, असे ठरलेले आहे. तिच्या आत राहूनही एकाच सेटिंगवर एक काडतूस २८.६० आणि पुढचे २८.७५ भरते, तेव्हा माणसाचा हात पहिल्यांदा डायच्या, म्हणजे गोळी पुंगळीत दाबून बसवणाऱ्या साच्याच्या, स्क्रूकडे जातो. (स्क्रू हाताशी असतो, हा त्याचा दोषच म्हणायचा.) पण डायमधील दांडा गोळीच्या टोकावर नव्हे, तर टोकाखालच्या गोलाईवर दाब देतो, आणि व्हर्नियर मात्र टोकापासून मोजतो. शिशाच्या मऊ किंवा पोकळ टोकाच्या गोळ्यांची टोकेच कमीजास्त असतील, तर गोळ्या योग्य खोलीवर बसूनही आकडे हलतात. म्हणून आधी सुट्या गोळ्या मोजाव्यात. तिथेच तेवढा फरक दिसला, तर यंत्राला हात लावण्याचे कारण उरत नाही.

आकडे इकडेतिकडे विखुरलेले नसून एकाच दिशेने सरकत असतील, तर मात्र दोष यंत्रात शोधावा. लांबी हळूहळू घटत असेल, तर दांड्याच्या खळग्यात शिसे आणि वंगण साचत असते. वाढत असेल, तर डायचे लॉकनट ढिले झालेले असू शकते. अनेक टप्प्यांच्या प्रेसवर, म्हणजे काडतुसे भरण्याच्या यंत्रावर, पहिली आणि शेवटची काडतुसे वेगळी येतात, कारण काही जागा रिकाम्या असताना पुंगळ्या धरणाऱ्या प्लेटवरचा भार बदलतो. त्यामुळे सेटिंग सर्व जागा भरलेल्या असतानाच करावे. गोळी बसवणे आणि पुंगळीचे तोंड आवळणे एकाच डायमध्ये होत असेल, तर लांब पुंगळीचे तोंड गोळी खाली जात असतानाच आवळले जाते. ही दोन कामे वेगळ्या डायमध्ये करणे बरे.

±०.१ मिलिमीटरच्या आतला विखुरलेला फरक बहुतेक जण सोडून देतात, आणि ते योग्यच आहे. मात्र पिस्तुलाच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) एकदा चढवून काढलेले काडतूस आधीपेक्षा आखूड भरले, तर तो मोजमापाचा प्रश्न राहत नाही. पुंगळीची पकड कमी पडून गोळी आत सरकलेली असते, दारूला मिळणारी जागा घटते आणि दाब वाढतो. ९ मिलिमीटरची पुंगळी मुळातच लहान असल्याने तो धोकादायक पातळीपर्यंत जाऊ शकतो. असे काडतूस झाडायचे नाही, पुन्हा चढवून पाहायचेही नाही. ते बाजूला ठेवून त्याच पुंगळ्यांच्या उरलेल्या काडतुसांची पकड तपासायची.