वेडेपणाची समान वाटणी

पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापलाय: ‘एका विनोदी वेबकॉमिकचे स्त्री-पुरुष वाचकांना असणारे समान आकर्षण’. मी फोनवर एवढंच म्हणाले होते, की ‘गर्ल जीनियस’ या वेबवरच्या चित्रकथेवर बोलायला मिळालं तर येते. असो, आकर्षणाकडे वळूच.

इथे बहुतेकांनी ते वाचलेलं दिसतंय, म्हणजे कथानक सांगायला नको. तसंही ते सांगून संपत नाही. २००१ साली छापील अंक निघाले, २००५ मध्ये फिल आणि काया फोग्लिओ या अमेरिकी नवरा-बायकोने ते उचलून वेबवर फुकट ठेवलं, आणि गोष्ट अजून चालूच आहे. युरोपभर वेडे शास्त्रज्ञ, उडता किल्ला, बोलणारं मांजर, आणि मधोमध आमची अगाथा हेटरोडाइन.

आता माझं गाऱ्हाणं. भाचीच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यायला एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “वय?” म्हटलं, अकरा. “मुलगा की मुलगी?” म्हटलं, त्याने काय फरक पडतो? तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, “मॅडम, मुलगी असेल तर ह्या बाजूला, मुलगा असेल तर त्या.” ह्या बाजूला सगळं गुलाबी: राजकन्या, मैत्रिणी, मांजरीची पिल्लं. त्या बाजूला रोबो, डायनासोर, अंतराळ. म्हटलं, दोघांनाही चालेल असं काही? त्याने खरंच विचार केला. मला आतपर्यंत घेऊन गेला आणि शब्दकोशांसमोर उभं केलं.

(हशा)

हसू नका, मी शब्दकोश घेतला. भाची अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

‘गर्ल जीनियस’ त्या मुलाच्या हातात दिलं असतं तर तो कुठे ठेवणार होता? नावात ‘गर्ल’, मुखपृष्ठावर यंत्रं. आणि ब्रीद काय, तर साहस, प्रेम आणि वेडं विज्ञान! करा आता तिन्हींची वाटणी.

येगर मंडळींबद्दल दोन मिनिटं, कारण त्यांच्याशिवाय मी उतरणार नाही. हे हेटरोडाइन घराण्याचे राक्षसी सैनिक. दात कट्यारीसारखे, रंग वाटेल तो, आणि जीव कशात? तर टोपीत. त्यांच्यातले तिघं पहिल्यांदा भेटतात तो प्रसंग आठवा. फासावर लटकलेत. पण येगर सहजासहजी मरत नाही, त्यामुळे लटकल्या लटकल्या गप्पा चालल्यात. बायका नटतात अशी थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. इथे युरोपला धडकी भरवणारे बाप्ये एकमेकांची टोपी न्याहाळतात, आणि त्यात कुणालाच काही कमीपणा वाटत नाही. दारूचा गुत्ता चालवणारी त्यांची मम्मा ग्कीका, तीही येगरच. तिच्यासमोर…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. बायकांना आवडावं म्हणून थोडं प्रेम आणि पुरुषांना आवडावं म्हणून थोडी मारामारी, असा हिशेब इथे नाही. इथे मूर्खपणाची वाटणी समान आहे. या जगात प्रतिभा म्हणजे ‘स्पार्क’ जन्माने येतो, बाईला येतो तसाच पुरुषाला, आणि आला की दोघंही सारखेच वेडे होतात. अगाथा झोपेत यंत्रं बांधते. तिची खिशातल्या घड्याळाएवढी यंत्रंसुद्धा मोठेपणावरून भांडतात. बांगलादेश डुप्री (हो, नाव तेच आहे, मी ठेवलेलं नाही) ही चाचीण माणसं मारते ती हौसेने. त्यामागे कुठलंही हळवं दुःख शोधायला लावत नाहीत. दुष्टपणाच्या शिखरावर कोण, तर अगाथाची आई.

उलट अगाथावर जीव टाकणारे गिल आणि टारवेक हे दोघं राजबिंडे आजारी पडतात, जळतात, त्यांना वाचवायला अगाथा लागते, आणि टारवेकला तर कपड्यांची समज सगळ्यांपेक्षा जास्त. पुरुष वाचकाला यात टोचत नाही, कारण स्वतःला महान वीर म्हणवणाऱ्या ओथार नावाच्या पात्राला उडत्या किल्ल्यावरून फेकून देतात तेव्हा तोच सगळ्यात मोठ्याने हसतो.

दुसरं, ‘यंत्रं फिलची आणि प्रणय कायाचा’ असं जे सांगतात त्यांनी श्रेयनामावली वाचावी. कथा दोघांची आहे, चित्रं फिलची. २००९, २०१०, २०११ अशी लागोपाठ तीन ह्यूगो पारितोषिकं (विज्ञानकथांसाठीची मानाची) दोघांनी मिळून घेतली आणि मग पुढच्या वर्षी इतरांसाठी स्वतःच बाजूला झाले.

आक्षेप एकच, आणि तो मला मान्य आहे: अगाथा फार वेळा अंतर्वस्त्रांत सापडते. फक्त गिल आणि टारवेकचे शर्टही फार टिकत नाहीत, एवढं नोंदवते.

दुसरी चिठ्ठी आली. जुनी पानं सगळी साइटवर फुकट आहेत. नवं पान सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी येतं. प्रश्न विचारा, पण पहिला प्रश्न मांजराबद्दल नको.