मारुती गेला कुठे?

(दृश्य: संगणकाचा पडदा, प्रबंधाचं पान. पानावर फक्त निळा रंग.)

हे आभाळ आहे. नाशिकचंच. खरं तर या पानावर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती दिसायला हवा होता. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलं, हे अख्खं गाव ज्याच्या अंगावर मोजतं, तो. पण इथे मारुती नाही, घाट नाही, नदी नाही. फोटोचा डावा कोपरा तेवढा आलाय.

फोटो मोबाइलवरचा. रुंदी ४००० पिक्सेल आणि फाइलच्या पोटात नोंद, इंचाला ७२ पिक्सेल. पानं जुळवणारा प्रोग्रॅम लेटेक, त्याला माप लिहून सांगावं लागतं. ते न सांगितल्यानं त्यानं सरळ भागाकार केला आणि साडेपंचावन्न इंची चित्र पानावर ठेवून दिलं. ए-फोर कागद सव्वाआठ इंच रुंद. मारुती कागदाबाहेर उभा आहे.

(दृश्य: अशोक स्तंभाजवळची गल्ली, दुकानाचं शटर वर जातं.)

टायपिंग, डीटीपी, प्रबंधाची जुळणी. काका इथे तीस वर्षं बसतायत. त्यांच्या आधी याच जागेत त्यांचे वडील छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवायचे.

(दृश्य: लाकडी खण. काकांचा हात. ब्लॉक अगदी जवळून.)

हा चित्र छापायचा जस्ताचा ब्लॉक. द्राक्षाचा घड, उलटा कोरलेला, खाली लाकडाचा ठोकळा. आता त्याची जाडी बघा. शेजारी ठेवलेल्या खिळ्याएवढीच, तंतोतंत. ब्लॉक कमी भरला तर त्याला शाई लागायची नाही, मग खाली कागदाच्या घड्या सरकवायच्या. जास्त भरला तर कागदच फाटायचा. ब्लॉक यायला उशीर झाला की काकांचे वडील तेवढी जागा मोजून मोकळी सोडत आणि पुढचा मजकूर जुळवत. ब्लॉक आला की बसवायचा, फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाचा साचा, आवळायचा. चित्र म्हणजे मोठा खिळा, एवढंच.

काका म्हणतात, "लेटेक मला पहिल्या दिवशी कळलं, ते ह्याच्यामुळे."

(दृश्य: पडद्यावर कोड, बोटं, कीबोर्ड.)

डोनाल्ड कनूथ हे अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हाती आली आणि अक्षरजुळणी बघून त्यांचं मन विटलं. १९७७ साली ते स्वतःच टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसले. पुढे लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक रचलं. पण गंमत अशी, की मूळ टेकला चित्र कळतच नाही. त्याला दिसते ती एक चौकट: एवढी रुंद, एवढी उंच. ती तो अक्षरासारखी ओळीत बसवतो. आत मारुती आहे की द्राक्षं, हे बघणं पुढच्या प्रोग्रॅमचं काम. म्हणजे ब्लॉकची वाट बघत सोडलेली ती मोकळी जागाच.

चित्र आणायला ग्राफिक्सएक्स नावाचं पॅकेज जोडायचं, मग इन्क्लूडग्राफिक्स ही आज्ञा. चौकोनी कंसात रुंदी, महिरपी कंसात फाइलचं नाव. काका रुंदी इंचात देत नाहीत, "मजकुराच्या रुंदीच्या ०.८ पट" अशी देतात. उद्या समास बदलला तरी चित्र आपोआप मापात राहतं. उंची लिहायचीच नाही. दोन्ही आकडे मनानं दिले की मारुती आडवा फुगतो.

(दृश्य: मारुती पानावर अवतरतो. मुलगी हसते.)

ही विद्यार्थिनी गोदेच्या पुरावर प्रबंध लिहितेय. मराठीत. म्हणून झीलेटेक, देवनागरी नीट जुळवणारं लेटेकचं रूप, नाहीतर जोडाक्षरांचे हाल. तिचे आलेख काकांनी पीडीएफ करून मागितले.

(दृश्य: आलेखाची रेघ, ८०० टक्के मोठी. मग तोच आलेख जेपीजीमध्ये.)

ही पीडीएफमधली रेघ. ही जेपीजीमधली. बोलायला नकोच.

(दृश्य: मुलगी पडद्याकडे बोट दाखवते.)

"काका, चित्र पळालं!"

पळालं नाही, तरंगतंय. फिगर नावाच्या आज्ञेत घातलेलं चित्र लेटेक सोयीच्या जागी नेतं. पानाच्या माथ्यावर चित्रांनी ७० टक्क्यांहून जास्त जागा खाऊ नये, हा त्याचा मूळ हिशेब. न मावलेलं चित्र रांगेत थांबतं आणि त्याच्यामागे पुढची सगळी. रेशनच्या रांगेसारखं, मधे घुसायची सोय नाही. इथे बरेच जण वैतागतात आणि माउसनं चित्र ओढून बसवायच्या सॉफ्टवेअरकडे परत जातात. जावं. तिथे एक ओळ वाढली की सात चित्रं हातानं सरकवायची, ती हौस ज्याला असेल त्यानं. लेटेक फुकट आहे, हेही जाता जाता.

"तू 'खालील चित्रात' असं लिहिलंयस, तेच काढ," काका सांगतात. "नंबर लिही. आणि नंबरसुद्धा हातानं टाकू नकोस. आधी कॅप्शन, त्याच्या खाली लेबल, म्हणजे नंबर शोधायची खूण. उलटं केलंस तर आकृतीच्या जागी प्रकरणाचा किंवा त्यातल्या विभागाचा नंबर येईल."

(दृश्य: "आकृती ??" अगदी जवळून.)

लेटेक पहिल्यांदा चालवलं, त्या पहिल्या फेरीत दोन प्रश्नचिन्हं. लेटेक यात नंबर फक्त टिपून ठेवतं.

(दृश्य: काका पुन्हा तेच बटण दाबतात. "आकृती ४.२".)

दुसऱ्या फेरीत वाचतं.

प्रबंध आधी दोनदा परत आला होता, आकृत्यांवरूनच. आता वेळेत गेला, पाच प्रती. बाइंडिंगच्या दिवशी आम्ही कॅमेरा नेला नव्हता.

(दृश्य: छापलेलं पान. कमरेपर्यंत पाण्यात मारुती, खाली आकृती ४.२. शेजारी काकांनी ठेवलेला द्राक्षाचा ब्लॉक. दहा सेकंद, निवेदन नाही.)