उजवीकडे न जाणारा कंट्रोलर

मंडळी, टेबलावर उघडून ठेवलाय तो निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलचा कंट्रोलर. त्यावरचं अधिक चिन्हासारखं बटण निन्टेन्डोचेच डिझायनर गुनपेई योकोई यांनी 1982 च्या ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या खेळासाठी केलं, आणि पुढच्याच वर्षी ते जपानमध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे एनईएसच्याच जपानी अवतारावर, आलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे ते नऊ पिनांच्या गेमपॅडचे स्वस्त संच याच फॅमिकॉमच्या नकला. म्हणजे आजचं बरंचसं बोलणं माळ्यावरच्या खोक्यातल्या गेमपॅडलाही लागू पडतं.

तक्रार बहुतेक वेळा एकच: उजवीकडे जात नाही. लगेच वायर बदलायला घेऊ नका. आत 4021 ही शिफ्ट रजिस्टर चिप असते. आठही बटणांची (चार दिशा धरून) खबर ती एकामागून एक, एकाच तारेवरून कन्सोलला देते. बाकीची सात बटणं चालत असतील, तर चिप आणि ती तार ठीक आहे. दोष बहुधा त्या एका दिशेच्या संपर्कातच असतो.

मागचे स्क्रू काढले की बटणाखाली रबराची पट्टी दिसते. तिला चार फुगवटे, प्रत्येकाच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली सर्किट बोर्डावरच्या दोन काळ्या पट्ट्यांना एकदम टेकते आणि जोडणी होते. आता उजवीचीच टिकली का झिजते? 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवा: सगळा खेळ उजवीकडे पळण्याचा, मागे सरकलेला पडदा परत येत नाही. ‘वर’ मात्र क्वचितच दाबावं लागतं. म्हणून मी मल्टिमीटरने आधी ‘वर’ची टिकली मोजतो आणि मग उजवीची. एकाच रबरावरच्या या दोन टिकल्यांच्या रोधात मोठी तफावत आली, तर दुखणं सापडलं.

आधी स्वच्छता. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा. तिथे पॉलिश पेपर किंवा ब्लेड चालवणं मला अजिबात मान्य नाही. तो काळा थर कार्बनचा आहे, एकदा खरवडला की गेला. टिकली कोऱ्या कागदावर हळूच घासली तर वरची चकाकी निघते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. पेन्सिलचं शिसं चोळण्याचा उपाय चार दिवस टिकतो. मग त्याची भुकटी पट्ट्यांच्या मधे पडते आणि नको तिथे जोडणी होते. त्यापेक्षा नवं रबर घाला. ते वेगळं मिळतं.

उजवीकडे दाबताना ‘वर’ किंवा ‘खाली’ ही दिशाही मधेच लागत असेल, तर मात्र रबर बदलून फरक पडेलच असं नाही. तेव्हा बटण उलटं करून बघा. त्याच्या पोटाखाली मधोमध टेकू असतो, त्यावर ते डोलतं. त्या टेकूमुळेच डावं-उजवं एकाच वेळी दाबलं जात नाही. टेकू झिजला की बटण खाली बसतं आणि शेजारच्या दिशाही लागतात. टेकूखाली पातळ प्लास्टिकची चकती घालून उंची भरून काढता येते. चकती जाड झाली तर दिशाच लागत नाहीत, म्हणून पातळपासून सुरुवात करा. मूळ बटण शक्यतो टाकू नका. बदली बटणांचा उतार आणि उंची बरेचदा किंचित वेगळी असते, आणि अंगठ्याला ते लगेच कळतं.

बंद करताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला, की मगच आवळा, आणि प्लास्टिक आहे हे लक्षात ठेवून बेतानेच.