ह्या माडार हांव चडचोना

नमस्कार श्रोतेहो. आज झाडं काढूया. काढायची ती कागदावर. जमिनीतून काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना शिकवायला नको.

एक वही आणि दोन पेन्सिली पुरे. खोडरबर नकोच. चुकलेली रेघ झाडात खपून जाते, माणसाच्या नाकात खपत नाही.

आंबा, फणस, वड काढताना आपण खोडाचं गाजर करतो, वर निमुळतं. तसं नसतं. खोड बारीक होतं ते फांदी फुटते तिथे. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवलं होतं, की वरच्या सगळ्या फांद्या एकत्र धरल्या तर जाडी खोडाएवढी भरते. पुन्हा सांगतो: फांदी फुटली, की खोड बारीक. मधे नाही.

पण माडाला फांद्याच नाहीत! त्यावरून आठवलं, 2016 साली आपल्या गोवा सरकारने माडाला कायद्यातल्या झाडांच्या यादीतूनच काढलं होतं. पुढच्या वर्षी परत आत घेतलं म्हणा. असो.

तर माड. फोंड्याकडे आमच्या परसात बसून मी एकदा माड रंगवला होता. गुळगुळीत खोड, वर चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, छत्री, खाली दिव्यांसारखे लोंबणारे नारळ. मी खूश. तेवढ्यात नारळ पाडणारा पाडेली आला. दोरी खांद्यावर, कोयता कमरेला. चित्राकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या माडार हांव चडचोना." म्हणजे, ह्या माडावर मी चढणार नाही.

मी म्हटलं, का रे बाबा?

त्याने कोयत्याच्या मुठीने खऱ्या माडावर टकटक केलं. "हे वळे खंय आसात?" गळलेल्या प्रत्येक चुडताची एक खूण खोडावर राहते, तोच वळा. महिन्याला साधारण एक चुडत, म्हणजे वर्षाला बारा-तेरा वळे. पाणी चांगलं मिळालं त्या वर्षी वळे लांब लांब, हाल झाले त्या वर्षी जवळ जवळ. मी त्या माडाचं सगळं आयुष्य पुसून टाकलं होतं, तेही खोडरबर न वापरता.

मग त्याने वर बोट दाखवलं. नारळ, त्याच्या कोंकणीत नाल्ल, छत्रीखाली टांगलेले नसतात, प्रत्येक घड एकेका चुडताच्या काखेतून येतो. पुन्हा ऐका: चुडताच्या काखेतून. कोवळे घड वर, जून घड खाली. चुडतांचंही तसंच. नवं चुडत भाल्यासारखं सरळ उभं, मधली आडवी, जुनी खाली झुकलेली. माझी सगळी एकाच वयाची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. आणि बुंधा? तो मातीपाशी फुगलेला असतो. माझा माड खांबासारखा पुरलेला होता.

एवढं बोलून तो सरसर वर गेला आणि मला वरून ओरडून बाजूला व्हायला सांगू लागला. कलाशिक्षकाची नोकरी, बावीस वर्षं! पण माडाखाली उभं राहू नये हेही त्यानेच सांगायचं.

दीड-दोन महिन्यांनी पाडायला तो परत आला. तोवर मी तोच माड चारदा काढला होता, वळे मोजून. चौथं चित्र त्याच्यापुढे धरलं. त्याने बुंध्यापासून वरपर्यंत नजर चढवली, अगदी चढतो तशीच, सावकाश.

"आतां चडूं येता," म्हणाला. "पूण नाल्ल उणे."